चपला बाहेर, फ्लॉपी आत

नव्वदच्या दशकात पुण्यात संगणकाच्या क्लासला जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धडा दारातच मिळे: चपला बाहेर काढा. आत थंडगार खोली, जमिनीवर गालिचा, यंत्रांवर प्लास्टिकची आच्छादने. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त. व्हायरस हा धुळीचाच कुणी भाऊबंद असावा आणि तो चपलांना चिकटून येत असावा, असा पुष्कळांचा प्रामाणिक समज होता. तोच विद्यार्थी मग अनवाणी आत जाई आणि वहीत जपून ठेवलेली सव्वापाच इंची फ्लॉपी काढी. आदल्या संध्याकाळी ती मित्राच्या घरी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ उतरवून घ्यायला गेलेली असे. ती तो बिनदिक्कत यंत्राच्या तोंडात सरकवी. चपला बाहेर, फ्लॉपी आत.

फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला, तोही आता मागे पडत चालला आणि यंत्र टेबलावरून खिशात आले. बंदोबस्त मात्र अजूनही बहुधा चुकीच्या दारावर असतो. अँटिव्हायरसला पैसे मोजणारा व्यापारी ‘यंत्र हळू चालते’ म्हणून तो बंद करून ठेवतो. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणाऱ्या कार्यालयात तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला असतो. कुरिअरवाल्याची रजिस्टरमध्ये सही घेतल्याशिवाय त्याला गेटच्या आत न सोडणारे सोसायटीचे अध्यक्ष ग्रुपवर आलेली कुठलीही फाइल मात्र उघडून बघतात.

संगणक-व्हायरसबाबत जागरूकतेची ही पुस्तिका या मंडळींसाठी आहे. संगणक अभियंत्यांसाठी पुस्तके ढिगाने आहेत. पतसंस्थेतला कारकून, शाळेतला लिपिक, सीएच्या कार्यालयात टॅलीमध्ये नोंदी करणारी मुलगी, झेरॉक्सचे दुकान चालवणारे काका, निवृत्तीनंतर स्मार्टफोन हाती आलेल्या आजी, यांच्या हाती ती पडावी म्हणून लिहिली गेली आहे. त्यांना ‘वापरकर्ते’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि सुरक्षिततेच्या शास्त्रात त्यांची गणना ‘सर्वांत कच्चा दुवा’ अशी करण्याचाही. मला हे दुसरे म्हणणे पटत नाही. यंत्राला काही झाले आहे हे सर्वांत आधी त्याच्यासमोर बसलेल्या माणसालाच जाणवते. ते तो कुणाला सांगतो का, किती लवकर सांगतो आणि सांगितल्यावर त्याला काय ऐकून घ्यावे लागते, यावर पुढचे बरेचसे ठरते. पुण्याचाच इतिहास त्याला साक्ष आहे.

1990 साली भारतात एक व्हायरस सापडला. जगभरच्या नोंदींत तो ‘जोशी’ या नावाने आहे. बाधा झालेले यंत्र 5 जानेवारीला चालू केले की पडद्यावर इंग्रजीत हुकूम येई: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. ते टाइप करेपर्यंत यंत्र हलत नसे. शुभेच्छा दिल्या की मुकाट्याने कामाला लागे. हे जोशी कोण, हा प्रश्न पुण्यात विचारण्यात अर्थ नाही. उमेदवार फार होतील. गंमत बाजूला ठेवली तर त्याची कारागिरी चोख होती. संगणक सुरू होताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी राहून गेली असेल, तर यंत्र आधी त्या फ्लॉपीचा पहिला कप्पा वाचते. जोशी तिथेच दबा धरून असे. एकदा वाचला गेला की तो स्मृतीत जाऊन बसे, हार्ड डिस्कच्या पहिल्या कप्प्यात घर करी आणि त्यानंतर यंत्रात घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर आपली प्रत काढी. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू करण्याची सवय त्याच्या कर्त्याला ठाऊक होती. त्या कळा दाबल्या की यंत्र नव्याने सुरू झाल्यासारखे दिसे, व्हायरस मात्र स्मृतीतून हलत नसे. उपाय म्हणजे यंत्राची वीज पूर्ण बंद करायची आणि ज्या स्वच्छ फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावून लेखन बंद केले आहे अशा फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे. ती चिकटपट्टी काही पैशांची होती. ती लावायची असते हे ठाऊक असलेला माणूस मात्र दहा क्लासांत एखादा सापडे.

त्याआधी चार वर्षे, 1986 मध्ये, लाहोरच्या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस लिहिला होता आणि त्यात स्वतःचे नाव, पत्ता, फोन नंबरही घातला होता. जोशीच्या कर्त्याने तेवढा मोकळेपणा दाखवला नाही. जगभर गाजला तो दोघांच्या मागून आलेला ‘मायकेलअँजेलो’. 6 मार्च 1992 या दिवशी तो हार्ड डिस्क पुसणार म्हणून वर्तमानपत्रांनी आधीपासून रान उठवले होते. प्रत्यक्षात बोभाट्याच्या मानाने नुकसान थोडे झाले. पण संगणक सुरूच न होण्याचे कारण यंत्राबाहेरचेही असू शकते, ही गोष्ट त्या निमित्ताने सामान्य माणसाच्या कानावर गेली.

याच सुमारास पुण्यात कैलास काटकर यांचे दुरुस्तीचे दुकान चालू होते. सातारा जिल्ह्यातले हे कुटुंब. दहावीनंतर शिक्षण सुटले, कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नोकरी केली, 1990च्या आसपास स्वतःचे दुकान थाटले आणि 1993 मध्ये संगणकांच्या देखभालीसाठी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी केली. धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत सुटा भाग बिघडल्याची तक्रार कमी आणि व्हायरसची जास्त होऊ लागली, तेव्हा संजय यांनी एकेका व्हायरसवर उतारा म्हणून छोटे छोटे प्रोग्राम लिहिले. ते एकत्र करून 1995 मध्ये डॉसवर चालणारे ‘क्विक हील’ बाजारात आले. कंपनीचे नावही 2007 मध्ये तेच झाले आणि 2016 मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

ही गोष्ट मराठी उद्योजकाच्या यशाची म्हणून नेहमी सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मला तिच्यात दुसरे काही दिसते. हे औषध तयार झाले ते दुरुस्तीच्या टेबलावर. गिऱ्हाईक यंत्र घेऊन येई आणि सांगे: ‘कालपासून हळू चालतंय’, ‘फाइल उघडत नाही’, ‘पडद्यावर ठिपका उड्या मारतोय’. ही प्रत्येक तक्रार म्हणजे नव्या व्हायरसचा नमुना होता. यंत्र कपाटात टाकून दुसरे घेण्याइतके पैसे तेव्हा कुणाकडे नव्हते आणि तक्रार करायला लाजावे इतकी यंत्राची सवयही झालेली नव्हती. आजसुद्धा अँटिव्हायरस बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचे काम मुळात असेच चालते. बहुधा कुठेतरी पहिला नमुना सापडतो आणि त्यानंतर बाकीच्यांसाठी उतारा निघतो. (कुठल्या कंपनीची भलामण करण्याचा इथे हेतू नाही. विंडोजबरोबर फुकट येणारा डिफेंडर चालू ठेवला आणि अद्ययावत राहू दिला तर घरगुती वापराला पुष्कळ झाला.)

आता याची उलटी बाजू. मोठ्या कार्यालयांत व्हायरसचा बंदोबस्त करणारा वेगळा विभाग असतो आणि त्या विभागाचा दरारा असतो. एखाद्या कारकुनाने बिलाची समजून भलतीच फाइल उघडली, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पूर्ववत झाला, तर तो काय करतो? इकडेतिकडे बघतो आणि कामाला लागतो. सांगितले तर मेमो मिळेल, चारचौघांत नाव निघेल. दोन दिवसांनी सर्व्हरवरच्या फाइलींची नावे बदलतात, त्यांच्यापुढे विचित्र अक्षरे लागतात, खंडणीची चिठ्ठी येते आणि मग शोध सुरू होतो. ते दोन दिवस फुकट गेलेले असतात.

पुणेकराला हे नवे वाटू नये. 1897च्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. रोग्याला इस्पितळात, घरच्या धडधाकट माणसांना वेगळ्या छावणीत, सामानसुमान जाळायला, असा खाक्या होता. रोग थोपवण्यासाठी विलगीकरण लागते हे शास्त्र चूक नव्हते. पण ते अशा रीतीने राबवले गेले की लोक रोगी लपवू लागले. त्याचा शेवट 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवरच्या गोळीबारात कसा झाला ते शाळेत शिकवतात. कार्यालयातल्या माहिती-तंत्रज्ञान विभागाची सोजिरांशी तुलना करणे अन्यायाचे होईल. पण ज्या संस्थेत व्हायरस लागल्याचे सांगणाऱ्याला शिक्षा होते, तिथे व्हायरस लागल्याचे कळायला उशीर होतो, हे काही वेगळ्या नियमाने घडत नाही.

जागरूकतेचे वर्ग मी पाहिले आहेत. बहुतेक वर्गांत भीती शिकवली जाते. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे, टोपडे घातलेला माणूस, ‘एका क्लिकमध्ये सर्वस्व गेले’ अशी बातमी. ऐकणारा घाबरतो, आठवडाभर कुठलीच फाइल उघडत नाही आणि मग पूर्ववत सगळ्याच उघडतो. भीतीतून त्याला फाइल ओळखता येऊ लागत नाही. ती कशी ओळखायची हे शिकवणे अवघड नाही, कारण फसवणारे गेली पंचवीस वर्षे जवळजवळ एकच युक्ती वापरत आहेत.

4 मे 2000 रोजी फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ पाहा. ईमेलला जोडलेली फाइल प्रेमपत्राची, नावाच्या शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. खरे शेपूट त्याच्याही पुढे होते, व्हीबीएस, म्हणजे चालवायचा प्रोग्राम. विंडोज ओळखीची शेपटे आपणहून लपवते, म्हणून ते दिसत नसे. उघडली की ती आपल्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तेच पत्र धाडी. आपल्याला ते पत्र आपल्याच साहेबांकडून किंवा मामेबहिणीकडून आलेले असे, म्हणून आपण ते उघडत असू.

पुढे पेनड्राइव्हच्या काळात सदाशिव-नारायण पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानांनी दुसरा अवतार पाहिला. एमपीएससीचे फॉर्म, हॉल तिकिटे, प्रोजेक्ट रिपोर्टच्या तीन-तीन प्रती आणि काळे बाइंडिंग. दिवसभरात एकाच यंत्रात शेकड्याने पेनड्राइव्ह खुपसले जात. प्रत्येकावर ‘न्यू फोल्डर’ नावाचे पिवळे फोल्डर. ते फोल्डर नसे. फोल्डरचे चित्र लावलेला ‘ईएक्सई’ प्रोग्राम असे आणि शेपूट पुन्हा लपलेले. दुसऱ्या टोळीचे काम पेनड्राइव्ह खुपसताक्षणी आपोआप चालू होण्याच्या सोयीवर चाले. मायक्रोसॉफ्टने ती सोय जुन्या विंडोजमध्येही 2011च्या फेब्रुवारीत बंद केली. मग ‘शॉर्टकट’वाले आले. ते खरी फोल्डरे लपवून त्याच नावाचे शॉर्टकट मांडून ठेवत. विद्यार्थी छाती पिटत पेनड्राइव्ह फॉरमॅट करी आणि जे जागेवरच होते ते स्वतःच्या हाताने पुसून टाकी. सबमिशनच्या आदल्या रात्री असे किती शोधनिबंध गेले याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आणि आता लग्नसराईत व्हॉट्सॲपवर येणारी पत्रिका. नाव ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘वेडिंग इन्व्हिटेशन’, कधी ‘आरटीओ चलन’, कधी ‘पीएम किसान’. शेपूट एपीके. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचे ॲप. पाठवणारा नंबर अनोळखी नसतो, मेहुण्याचा किंवा शेजाऱ्याचा असतो. कारण त्याचा फोन कालच हातचा गेलेला असतो आणि आज तो त्याच्या वतीने निमंत्रणे वाटत असतो. फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू का? आपण हो म्हणतो. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागते, आपण तीही देतो, आणि बँकेचा ओटीपी आपल्याआधी दुसऱ्याच्या हाती पडतो.

प्रेमपत्र, पिवळे फोल्डर, पत्रिका: तिन्हींत ओळखीचा माणूस आणि लपलेले शेपूट. म्हणून या पुस्तिकेत दोनच गोष्टींवर भर आहे. संगणकावर शेपटे दिसतील असे करून ठेवा. विंडोजच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ या चौकोनात एकदा खूण केली की काम झाले. फोनवर एवढे ध्यानात ठेवा की पत्रिका, फोटो, बिल किंवा चलन बघायला काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. आणि शंका आली तर फोन करून विचारायचे. ‘काका, पत्रिका तुम्ही पाठवलीत का?’ ‘नाही रे, कुणाचं लग्न?’ एवढ्या दोन वाक्यांत आपण वाचतो आणि काकांनाही कळते की त्यांच्या फोनला काहीतरी झाले आहे. दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे.

वाचकांतले काही म्हणतील की यंत्र स्वतःच इशारा देते, मग माणसे ऐकत का नाहीत? याचे एक कारण आपण फारसे बोलत नाही. इशारे इंग्रजीत येतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या एमकेसीएल या संस्थेच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने लाखो मराठी माणसांना माउस धरायला, पत्र टाइप करायला, तक्ता आखायला शिकवले. राज्याच्या कानाकोपऱ्यातल्या शिक्षकांना आणि शासकीय कर्मचाऱ्यांना संगणकाची भीड वाटेनाशी झाली, हे लहान काम नव्हते. पण पडद्यावर चौकट आली की ‘ओके’ दाबायचे आणि पुढे जायचे, हेही आपण त्याच काळात शिकलो. दिवसातून वीस चौकटी येतात, एकोणीस निरुपद्रवी असतात, विसावीतही तीच भाषा आणि तसेच बटण. चौकट न वाचणारा माणूस आळशी नसतो. एकोणीस वेळा त्याचे काही बिघडलेले नसते. पुस्तिकेत अशा नेहमीच्या चौकटींची चित्रे आणि शेजारी मराठीत अर्थ दिला आहे. माझ्या मते ते पुस्तिकेतले सर्वांत उपयोगी प्रकरण आहे, जरी लेखकांना ते सर्वांत कंटाळवाणे वाटत असले तरी.

इथवर व्हायरसचे झाले. वर्मची जात निराळी. व्हायरसला कुणाचा तरी हात लागतो: कुणी फाइल उघडावी, कुणी फ्लॉपी घालावी. वर्म आपला आपण चालत जातो. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याच्या वर्मने तेव्हाच्या इवल्याशा इंटरनेटवरची हजारो यंत्रे काही तासांत ठप्प केली. 25 जानेवारी 2003चा ‘स्लॅमर’ तर अवघ्या 376 बाइटचा, म्हणजे या परिच्छेदापेक्षा लहान. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत तो जगभर गेला. त्यात कुणी काही उघडले नव्हते, की दाबले नव्हते. मग वापरकर्त्याने जागरूक राहून करायचे काय?

त्याने सहा महिने आधी काहीतरी करायचे होते. स्लॅमर ज्या भोकातून शिरला त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने 2002च्या जुलैतच दिले होते. ‘वॉनाक्राय’ 12 मे 2017चा, त्याचे ठिगळ 14 मार्चचे. दरम्यानच्या दोन महिन्यांत ‘अपडेट’ला ‘नंतर’ म्हणणाऱ्यांची यंत्रे दीडशेच्या आसपास देशांत कुलूपबंद झाली. आपल्याकडे ‘नंतर’ म्हणण्याचे एक खास कारण असते. दुकानदाराने यंत्राबरोबर फुकटात घालून दिलेली विंडोज चोरीची असते आणि अपडेट घेतले तर ‘पकडले जाऊ’ म्हणून त्यानेच ते बंद करून दिलेले असते. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारी सूचनाही वाचण्यासारखी असते: बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. एवढ्या स्वच्छ भाषेत धोक्याची सूचना कुठलीच कंपनी देत नाही. ‘स्टॉप’ नावाचे खंडणीखोर कुटुंब जगभर याच वाटेने, क्रॅक आणि कीजेनच्या फाइलींतून, घराघरांत गेले. लायसन्सचे काही हजार वाचवायला गेलेल्या छोट्या दुकानदाराची तीन वर्षांची टॅलीची वही त्यात जाते. बॅकअप होता, तोही त्याच यंत्राला कायम जोडलेल्या डिस्कवर, म्हणून तोही गेला. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवायची असते, हे वाक्य पुस्तिकेत चार ठिकाणी आले आहे. मी संपादकांना एकही काढू दिले नाही.

जागरूकतेच्या नावाने सगळा भार वापरकर्त्यावर टाकण्याची पळवाट मात्र कुणी काढू नये. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ हा वर्म आला तेव्हा न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम कोलमडले आणि कंटेनर अडकून पडले. ते टर्मिनल मर्स्क समूहाच्या कंपनीकडे होते. हल्ल्याचा उगम होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे अपडेट. म्हणजे ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आपण सांगतो ते इमानेइतबारे केले होते, वेळेवर अपडेट घेतले होते. उरणच्या रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रकचालकाला कुठल्या जागरूकतेच्या वर्गाला बसवणार?

पुण्याचे सर्वांत मोठे उदाहरण कॉसमॉस बँकेचे. 1906 साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. तिचे मुख्यालय, योगायोग म्हणा, गणेशखिंड रस्त्यावरच आहे. शनिवार, 11 ऑगस्ट 2018. एटीएमचे व्यवहार तपासून मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत मालवेअर घुसवून तिच्याऐवजी एक तोतया यंत्रणा उभी केली गेली. ती पैसे काढण्याची प्रत्येक मागणी मंजूर करत राहिली. 28 देशांत, बनावट कार्डांवर, सुमारे 12,000 व्यवहारांतून काही तासांत 78 कोटींच्या आसपास रक्कम काढली गेली. देशातल्या देशात आणखी अडीच कोटी. सोमवारी, 13 तारखेला, बँकांच्या ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय यंत्रणेमार्फत जवळपास 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटींहून अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने पुढे या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. खातेदारांची शिल्लक शाबूत असल्याचे बँकेने सांगितले. खातेदारांची काही चूकही नव्हती.

तरी या प्रकरणातही साधी माणसे होतीच. मालवेअर कितीही हुशार असले तरी कोल्हापुरातल्या एटीएमसमोर कुणीतरी हाडामांसाचा माणूस उभा राहून एकामागून एक कार्डे सरकवत होता. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले, ते या शेवटच्या टोकावरचे. कमिशनच्या आशेने कार्ड चालवायला तयार होणारी, आपले बँक खाते ‘थोडे दिवस’ वापरायला देणारी मुले आज प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. जागरूकतेच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख नसतो. या पुस्तिकेतही तो दोन पानांपुरताच आहे. वाढवायला हवा होता.

पुन्हा ‘सांगण्या’कडे येतो, कारण कायदाही आता त्याच दिशेने बोलतो आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. त्याचे कलम 43 दुसऱ्याच्या यंत्रात व्हायरस सोडणाऱ्याकडून भरपाई मागते आणि कलम 66 त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात पाठवू शकते. पण सोडणारा मनिला किंवा प्योंगयांगमध्ये बसलेला असतो, म्हणून आपल्या रोजच्या उपयोगाचे नियम दुसरे आहेत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल 2022 मध्ये निर्देश काढले की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिची माहिती कळवलीच पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017च्या परिपत्रकाचा भर तर तारखांवरच आहे. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. उशीर केलात तर काही वाटा येतो. आणि चूक तुमचीच असली, ओटीपी तुम्हीच दिला असला, तरी तक्रार नोंदवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. त्या परिपत्रकाने चुकलेल्या माणसालासुद्धा बोलायला कारण दिले आहे.

संस्थेला सहा तास दिले आहेत. संस्थेतल्या कारकुनाला तोंड उघडायला किती वेळ लागतो, हे मात्र तिथल्या साहेबांच्या स्वभावावर अवलंबून. म्हणून संचालक, मुख्याध्यापक आणि सोसायटीचे सचिव यांना विनंती आहे की पुस्तिका कर्मचाऱ्यांना वाटण्याआधी त्यांनी स्वतः पाचवे प्रकरण वाचावे. ‘मी चुकीची फाइल उघडली’ असे सांगत आलेल्या माणसाशी पहिल्या पाच मिनिटांत काय बोलायचे, ते त्यात आहे. नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, पण यंत्र लगेच फॉरमॅट करायला घेऊ नका, असा तांत्रिक भागही आहे. तो कमी महत्त्वाचा. फोनच्या बाबतीत विमानाची खूण दाबून फोन जाळ्यातून काढायचा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर कळवायचे, हा क्रम पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापला आहे, कारण त्या वेळी अनुक्रमणिका चाळायला कुणाला सुचत नाही.

व्हायरसांची नावे या पुस्तिकेत कमी आहेत. पुढच्या आवृत्तीपर्यंत ती बदलतील, शेपटाची युक्ती बहुधा बदलणार नाही. आजी-आजोबांनी चौकटींच्या चित्रांपासून सुरुवात करावी, पतसंस्थांनी बॅकअपच्या प्रकरणापासून. झेरॉक्सच्या दुकानांसाठीचे प्रकरण अवघे दीड पानाचे ठेवले आहे. गिऱ्हाईक समोर उभे असताना ते वाचून व्हावे, असा हिशेब आहे.